पासंग

भर मे महिन्यात प्रशिक्षण. सभागृहात दोन कुलर,
दोन्हींची हवा पहिल्या रांगेलाच.
पुण्याहून आलेल्या बाईंनी कागद वाटले:
एक वर्तुळ, संत्र्याच्या असाव्यात तशा आठ फोडी.
नोकरी, पैसा, तब्येत, घर, मैत्री, असं काही काही.
"प्रत्येकीला दहापैकी गुण द्या.
चाक गोल आलं नाही, तर गाडी धडधडणारच."

मी बावीस वर्षं वजनमापांची निरीक्षक.
इतवारीतल्या सराफांचे मिलिग्रॅम,
कळमन्याचे काटे, ज्यांच्यावर अख्खा ट्रक चढतो,
तळाशी पोखरून लाखेनं भरलेलं पाचशेचं वजन
मला बोटांच्या टोकांना कळतं.
म्हणून विचारलं, मॅडम, यातलं प्रमाण वजन कुठलं?
माझे सात म्हणजे कोणाचे सात?
सगळे हसले. मीही.
पण पेन्सिल मैत्रीच्या फोडीवर थांबली ती थांबलीच.

नलू ढोबळे राहते त्या भागाचं नावच पारडी.
माझ्या घरापासून नऊ किलोमीटर.
तिचं ऑपरेशन झालं, हे मला
ग्रुपवर इतरांनी टाकलेल्या फुलांच्या चित्रांवरून कळलं.
मीही एक फूल टाकलं होतं.

बुधवारी सक्करदऱ्याचा बाजार.
पार्वताबाई निनावे, भिवापुरी मिरचीचा ढीग,
हातातला तराजू, आणि डाव्या पारड्याखाली
लुगड्याच्या चिंधीत बांधलेला एक खडा.
"हे काय, मावशी?"
"पासंग हाय, बाई. नातू लोंबकळला दांडीले,
तवापासून वाकली. खडा बांधला तं सरळ उभी रायते.
तोलून पाहा ना तुमच्या वजनानं."
तोललं. पेटीतल्या पितळी वजनांनी, दोनदा.
काटा मधोमध, देवासारखा.

तरी पासंग चालत नाही.
तराजू जप्त केला, पावती फाडली,
म्हटलं, दांडी सरळ करून आणा, मी स्वतः शिक्का मारते.
तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पावतीकडे बघत राहिली.
"आजचा बाजार तं गेला ना, बाई."
खड्यासाठी यादीत रकाना नव्हता.
तो माझ्या पर्समध्ये आला.

घरी बाबांच्या खोलीतला कुलर कोरडाच घरघरत होता.
तन्मयनं पाणी भरलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.
हेमराज महावितरणात; मे महिन्यात
त्याचा संसार ट्रान्सफॉर्मरशी.
चार बादल्या ओतल्या. किल्ल्या शोधताना
खडा हाताला लागला, उन्हानं अजून कोमट.
आणि का कोण जाणे, बाबांच्या नखांकडे लक्ष गेलं.

अहवाल तसाच ठेवून नेलकटर घेतलं.
त्यांचा हात थरथरतो, तो धरून ठेवावा लागतो.
तर्जनीशी आल्यावर त्यांनी विचारलं,
"आज ऑफिस लवकर सुटलं का?"
"नाही."
"मग?"
मी अंगठ्याकडे वळले.

कोण कोण लोंबकळलं असेल माझ्याही दांडीला,
आणि मी लोंबकळू दिलं, कौतुकानं.
वाकली तेव्हा आवाजही झाला नाही.
आता ती ठोकून सरळ करायला गेलं
तर तुटेल, हे मला धातूंवरून माहीत आहे.

पुढच्या बुधवारी पार्वताबाईंची जागा रिकामी.
शेजारची कांदेवाली म्हणाली,
"लोहाराकडं गेली दांडी घेऊन, का घरीच हाय, कोणाले ठाऊक."
तिच्याकडून अर्धा किलो कांदे घेतले.
काटा बघितला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ऑफिसात परतायचं होतं. रिक्षावाल्याला पारडी म्हटलं.

नलूनं दार उघडलं, एका हातानं गाऊन सावरत.
केस पांढरे झालेत तिचे, मला कोणी सांगितलंच नव्हतं.
"काहून आली वं? काही काम होतं?"

नाही म्हटलं,
आणि चपला काढल्या.